रोजचाच वास

कारखान्यात तिला सायरनबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ वळली की. नाव पडायला कारणही तसंच घडलं होतं. गोठवलेल्या मटारच्या त्या कारखान्यात ती सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाली आणि तिने भिंतींवर नवे सेन्सर बसवून घेतले. हवेत अमोनिया वाढला की भोंगा वाजवणारे. पहिल्याच दोन महिन्यांत ते दोनदा वाजले. एकदा कोणीतरी बरोबर सेन्सरखाली फरशी धुण्याचं जहाल औषध ओतलं म्हणून, आणि एकदा गरम पाण्याची वाफ यंत्रात शिरली म्हणून. दोन्ही वेळा माणसं काम टाकून बाहेर आली, उन्हात उभी राहिली, आणि हसत आत गेली. दुसऱ्या वेळी तर पॅकिंगच्या बायकांनी तिला विचारलं, की बाई, पुढच्या वेळी आधी सांगा, आम्ही निवडायला भाजी घेऊन येऊ.

तिला राग आला नाही. लांडगा आला रे आला करणाऱ्याचं पुढे काय होतं हे तिला ठाऊक होतं, आणि या गोष्टीत तो पोरगा आपणच आहोत हेही. राग नव्हता, काळजी मात्र होती.

कारण अमोनिया हा काही हसण्यावारी न्यायचा वायू नव्हता. कारखान्यातली सगळी थंडी तोच तयार करायचा. एका टोकाला कॉम्प्रेसरची खोली होती. तिथून बर्फाने पांढरे झालेले जाड पाइप भिंती फोडून गोदामापर्यंत जात आणि त्यांच्यातून तो अखंड फिरत असे. पाइपात आहे तोवर गुणी. बाहेर आला की आधी नाकात, मग डोळ्यांत, मग घशात, आणि फार झाला तर छातीत. त्यातही व्हॉल्व्ह आणि सांधे इतके, की कॉम्प्रेसरच्या बाजूला तो थोडासा तरी हवेत असायचाच. त्या तेवढ्या वासाची सगळ्यांना सवय होती. प्रश्न एवढाच असे, की आजचा वास रोजचा आहे की गळतीचा?

आणि या प्रश्नाचं उत्तर, सेन्सर यायच्या कितीतरी आधीपासून, एका नाकाकडे होतं.

त्या नाकाला सगळे नाककाका म्हणत. हे मात्र तोंडावर. नाककाका म्हणजे कॉम्प्रेसरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. कोणाला जरा शंका आली, की माणूस जाऊन काकांना बोलवून आणी. काका येत, हनुवटी वर करत, डोळे मिटून दोन छोटे श्वास आणि एक लांब श्वास घेत. मग एक तर व्हॉल्व्हचं नाव सांगत, ‘तेलाच्या नळीचा, वरचा’, आणि गळती तिथेच सापडे. नाही तर नुसतं म्हणत, ‘रोजचाच.’ रोजचाच म्हटलं की विषय संपला. माणसं कामाला लागत. साहेबांनी, म्हणजे मॅनेजरांनी, लावलेल्या पाट्या त्या एका शब्दापुढे फिक्या होत्या. खुद्द साहेबसुद्धा पाटीकडे न बघता काकांच्या तोंडाकडे बघत.

हे नाककाका सायरनबाईचे सासरे होते.

नोकरी तिने स्वतःच्या डिग्रीवर मिळवली होती. तरी कँटीनमध्ये पहिल्या दिवशी कुजबुज झाली, की सासऱ्याच्या नाकाखाली सुनेचं यंत्र आलं, आता बघा मजा. काकांनी ती ऐकली. जेवणाचा डबा बंद करून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की घरी ती सून, इथं मॅडम, आणि मॅडमच्या कामात जो नाक खुपसेल त्याने माझ्याशी गाठ आहे हे लक्षात ठेवावं. त्या दिवसापासून कारखान्यात ते तिला मॅडम म्हणत, आणि तेही असं गंभीर चेहऱ्याने, की तिला हसू दाबावं लागे. संध्याकाळी ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसे. फाटक ओलांडलं की मॅडम संपे आणि ‘अगं, नीट धरलंस ना’ सुरू होई.

नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला, आठवड्याच्या शेवटी येणारा. त्यामुळे घरात ती, सासूबाई आणि सासरे अशी तिघंच असत, आणि तिघांचं छान जमत होतं. इतकं छान, की त्याला कुठे धक्का लावू नये असं वाटावं. सगळी अडचण तिथेच होती.

झालं असं, की एका सकाळी सासूबाई भाजी आणायला गेल्या आणि दुधाकडे बघायला काकांना बसवून गेल्या. ती अंघोळ करून बाहेर आली तर घरभर करपल्याचा वास. दूध उतू जाऊन शेगडीवर काळं झालं होतं आणि काका शेगडीपासून हातभर अंतरावर, पेपर वाचत, शांत. तिने धावत जाऊन गॅस बंद केला. काका दचकले. पातेल्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, की अगं आटवत होतो मुद्दाम.

ती विज्ञान शिकलेली मुलगी. एका घटनेवरून निष्कर्ष काढायचा नाही हे तिच्या अंगात मुरलेलं. दोन दिवसांनी तिने बरणी पुसण्याच्या निमित्ताने व्हिनेगरची बाटली उघडली आणि काकांच्या पेपरामागे टेबलावर ठेवून दिली. पेपरचं पान उलटलं. मग आणखी एक. बाहेरून आलेल्या शेजारणीने दारातच नाक मुरडलं आणि विचारलं, लोणचं घालताय का. काका मात्र ऐटीत शब्दकोडं सोडवत होते.

मग तिला एकेक गोष्ट आठवत गेली. हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांना मोठा ताप येऊन गेला होता. त्यानंतर ते जेवताना मीठ वरून घ्यायला लागले होते. आणि त्यानंतर कारखान्यात त्यांनी एकाही व्हॉल्व्हचं नाव सांगितलं नव्हतं. बोलावलं की येत, हनुवटी वर करत, तेच तीन श्वास घेत, आणि दर वेळी म्हणत, रोजचाच.

ताप नाकातली वास ओळखणारी यंत्रणा कायमची बिघडवू शकतो हे तिने वाचलं होतं. अमोनियाची झोंब वेगळ्या वाटेने मेंदूकडे जाते, हेही. म्हणजे काकांना गळती कळलीच तर वासाने नाही, डोळ्यांत पाणी आल्यावर कळणार. आणि तोवर इतरांच्या मानाने फार उशीर झालेला असणार. हे सांगायलाच हवं होतं. कोणाला? साहेबांना सांगितलं तर कँटीनमध्ये तासाभरात पोचलं असतं. काकांना सांगितलं तर ते म्हणाले असते सर्दी आहे, आणि मग घरातल्या घरात एक भिंत उभी राहिली असती. ज्या माणसाने तिची लाज राखली, त्याचं नाक चारचौघांत कापायचं तिच्याच्याने होत नव्हतं. रविवारी नवरा आला की दोघांनी मिळून बोलू, असं तिने ठरवलं. तोवर भिंतीवर सेन्सर आहेत, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण भोंग्याकडे लक्ष कोण देतं, हा प्रश्न त्या समजुतीच्या मध्येच उभा होता, आणि ती त्याला वळसा घालून रोज कामावर जात होती.

रविवार यायच्या आधी गुरुवार आला.

मटारचा हंगाम ऐन भरात होता. फाटकाबाहेर ट्रकांची रांग, आत पट्ट्यावरून हिरवे दाणे पाण्यासारखे वाहत होते. पॅकिंगच्या हॉलमध्ये बायका हातमोजे घालून दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या आणि त्यांची सुपरवायझर, जिला सगळे फौजदारीण म्हणत, कमरेवर हात ठेवून मधून फिरत होती. सायरनबाई आपल्या काचेच्या खोलीत चहाचा पहिला घोट घेणार, तोच समोरच्या पडद्यावरचा एक आकडा हलला. कॉम्प्रेसरची खोली आणि पॅकिंगचा हॉल यांच्यामधल्या बोळातला सेन्सर. एरवी तो चार-पाच दाखवी, पंचविसाला भोंगा वाजे. आता अकरा होता. मग सतरा.

तिने पहिलं काम केलं ते काचेतून वर बघण्याचं. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी-पांढरी कापडी नळी होती. तिला कामगार साहेबांचा लेंगा म्हणत. लेंगा फुगून फाटकाच्या दिशेने फडफडत होता. म्हणजे बाहेर पडलेला वायू फाटकाकडे जाणार. आणि आणीबाणीत सगळ्यांनी जमायची जागा, पाटीसकट, फाटकाशीच होती. खोट्या भोंग्यांच्या दोन्ही वेळा माणसं तिथेच जाऊन उभी राहिली होती, त्यामुळे पाय आपोआप तिकडेच वळणार.

ती पडद्याकडे वळली तोवर आकडा पंचवीस ओलांडून गेला होता आणि भोंगा वाजायला लागला होता. फरशी कोणी धुवत नव्हतं. वाफ नव्हती. शिवाय कॉम्प्रेसरच्या खोलीतला दुसरा सेन्सरही साठ दाखवत होता. एक यंत्र चुकू शकतं. दोन यंत्रं एकाच वेळी, एकाच दिशेने चुकत नाहीत. तिने माइक उचलला आणि शक्य तितक्या सावकाश सांगितलं, की ही तालीम नाही, सगळ्यांनी काम थांबवून मागच्या दाराने ट्रकच्या वजनकाट्याकडे जायचं, फाटकाकडे कोणीही जायचं नाही. तेच पुन्हा एकदा सांगितलं. अग्निशमन दलाला फोन लावून काय गळतंय, कुठून, वारा कुठे वाहतोय आणि त्यांनी कोणत्या रस्त्याने यायचं ते सांगितलं. मग हातात धरायचं, वायू मोजणारं मीटर घेऊन ती हॉलमध्ये धावली.

हॉलमध्ये पट्टा थांबला होता. माणसं मात्र जागची हलली नव्हती.

कोणी घाबरलेलं नव्हतं, तेच तर भीतीचं होतं. बायका हातमोज्यांतले हात हवेत धरून एकमेकींकडे बघत होत्या. थोडा वास येत होता, पण थोडा तर रोजच येतो. दोनजणी हसत फाटकाच्या बाजूच्या दाराकडे निघाल्या होत्या, आज ऊन कोवळं आहे असं म्हणत. फौजदारणीने त्यांना थांबवलं आणि सायरनबाईला सांगितलं, की बाई, माणूस पाठवलाय काकांना आणायला, ते काय म्हणतात बघू, मग जाऊ. यात उद्धटपणा काहीच नव्हता. डॉक्टर येईपर्यंत थांबू म्हणावं, इतक्या सरळपणे ती बोलली.

सायरनबाईने मीटर दाखवलं. फौजदारणीने आदराने मीटरकडे बघितलं आणि मग बोळाकडे. कारण बोळातून काका येत होते.

ते नेहमीसारखे आले, घाई न करता. हॉलच्या तोंडाशी उभे राहिले. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या, भोंगा तेवढा ओरडत राहिला. काकांनी हनुवटी वर केली. डोळे मिटले. दोन छोटे श्वास, एक लांब.

तिच्या मनात त्या तेवढ्या वेळात काय काय येऊन गेलं. ओरडून सांगता आलं असतं, की यांना दूध करपलेलं कळत नाही, यांचं ऐकू नका. माणसं कदाचित हललीही असती. कदाचित नसतीही, कारण काल आलेल्या सुनेने सासऱ्याला खोटं पाडलं, एवढंच त्यांनी ऐकलं असतं. ती पुढे झाली, काकांच्या अगदी समोर उभी राहिली, आणि मीटर त्यांच्या हनुवटीच्या उंचीवर धरलं. काकांनी डोळे उघडले. डोळे लाल झाले होते आणि कडेला पाणी होतं.

“बाबा,” ती म्हणाली. कारखान्यात ती त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हणत होती. “माझं यंत्र चाळीस म्हणतंय. तुमचं काय म्हणतंय?”

काका मीटरकडे बघत राहिले. त्यांचे ओठ ‘रो’ म्हणायला गोल झालेले तिने स्पष्ट बघितले. मग त्यांनी डोळ्यांच्या कडेला बोट लावलं, ओल्या बोटाकडे बघितलं, आणि हॉलकडे तोंड वळवलं.

“माझं बंद आहे,” ते मोठ्याने म्हणाले. “हिवाळ्यातल्या तापापासून बंद आहे. मला कसलाच वास येत नाही. आता डोळ्यांना झोंबतंय, म्हणजे भरपूर आहे. मॅडम सांगतात तसं मागच्या दाराने निघा.” आणि कोणी हललं नाही तसं फौजदारणीकडे बघून म्हणाले, “उभी काय राहिलीस, काय माझ्या नाकाची पूजा घालायची आहे?”

मग हॉल हलला. फौजदारणीने एकदा टाळी वाजवली आणि बायका मागच्या दाराकडे वळल्या, ओळीने, धक्काबुक्की न करता. फाटकाकडे निघालेल्या दोघींना तिने दंडाला धरून फिरवलं. पाच-सहा मिनिटांत सगळा हॉल वजनकाट्यापाशी, वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येत होता तिकडे, उभा होता.

पुढचं काम सायरनबाईने जसं कागदावर आखलं होतं जवळजवळ तसंच झालं, आणि यात तिला स्वतःलाच सगळ्यात जास्त नवल वाटलं. काकांनी बाहेरच्या भिंतीवरचं लाल बटण दाबून कॉम्प्रेसर बंद केले. मग तिने त्यांना विचारलं, की टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह वाऱ्याच्या वरच्या बाजूला आहे, तिथे मीटर शून्य दाखवतंय, जाल का? ते गेले आणि चाक फिरवून तो बंद करून आले. व्हॉल्व्ह बंद म्हणजे नवा अमोनिया यायचा थांबला. पाइपात उरलेला तेवढा बाहेर पडणार. पक्कड नावाने ओळखला जाणारा फिटर आणि त्याचा जोडीदार पाठीवर हवेची टाकी आणि तोंडाला मास्क लावून तयार झाले. दोघंही तिने शिकवल्याप्रमाणे एकमेकांचे पट्टे तपासत होते. पक्कड मास्क चढवण्याआधी म्हणाला, की बाई, परत आलो नाही तर माझा डबा कोणालाही द्या, फक्त साहेबांना देऊ नका. ती म्हणाली, डबा खायला तूच येणार आहेस, आणि आत पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही.

तिने नळी धरणाऱ्यांना पाण्याचा फवारा दारासमोर धरायला लावला, आत नाही. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून दारातून येणारा वायू फवाऱ्यात पकडायचा. पण आत सांडलेल्या गार, द्रवरूप अमोनियावर पाणी मारलं तर तो निवत नाही, उलट उकळून अधिकच वर येतो. फवाऱ्याचं पाणी गटारात जाऊन ओढ्याला मिळू नये म्हणून दोघांना वाळूची पोती टाकून गटाराचं तोंड बुजवायला सांगितलं. शेजारच्या फरश्यांच्या गोदामात फोन करून खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या. तिथला माणूस म्हणाला, की खिडक्याच नाहीत, दरवाजा लावला तर चालेल का. चालेल, म्हणाली.

वजनकाट्यापाशी फौजदारणीने माणसं मोजली आणि एक माणूस जास्त भरला. पुन्हा मोजली, पुन्हा एक जास्त. कमी भरला असता तर काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं, जास्तीचं कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी तो ट्रकचा ड्रायव्हर निघाला. ट्रकमध्ये झोपला होता, गर्दी बघून काही वाटप चाललंय असं समजून रांगेत येऊन उभा राहिला होता.

एवढ्यात साहेब घामाघूम होऊन आले. ते सगळ्यांत आधी मटारविषयी बोलले, आणि बोलल्यावर ओशाळले. तिने त्यांना समजावलं, की गोदामाच्या भिंती जाड आहेत, दारं उघडली नाहीत तर माल दिवसभर गोठलेलाच राहील. पट्ट्यावरचा काय तो जाईल. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि मग विचारलं, की काका कुठे आहेत, काय म्हणाले?

फौजदारीण तिथेच होती. तिने सायरनबाईकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “काका म्हणाले, मॅडमचं ऐका.”

पक्कड दुसऱ्या खेपेला मास्क वर सारत बाहेर आला आणि त्याने अंगठा दाखवला. एका व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं, गळती अडवणारं पॅकिंग फाटलं होतं. अग्निशमन दलाचे लोक आले तोवर बोळातला आकडा उतरायला लागला होता. त्यांच्या प्रमुखाने सगळं फिरून बघितलं, वाळूच्या पोत्यांपाशी थांबून मान डोलावली आणि जाताना विचारलं, की माणसांना फाटकाकडे जाऊ न देण्याचं कोणाला सुचलं. तिने छपराकडे बोट केलं. साहेबांच्या लेंग्याला, ती म्हणाली, आणि मग साहेब मागेच उभे आहेत हे तिच्या लक्षात आलं.

डोळे चुरचुरण्यापलीकडे कोणाला काही झालं नव्हतं.

संध्याकाळी स्कूटर फाटकाबाहेर पडली तरी ‘अगं’ आलं नाही. अर्ध्या वाटेवर काकांनी रस्त्याकडेला स्कूटर थांबवली, पण उतरले नाहीत. पुढे बघतच विचारलं, की तुला कधीपासून माहीत होतं. दुधापासून, ती म्हणाली. मग व्हिनेगरचंही सांगितलं. काकांचे खांदे हलायला लागले. ती घाबरली. पण ते हसत होते. माझ्या नाकासमोर बाटली ठेवलीस, म्हणाले, आणि मी कोडं सोडवत होतो!

तिने सांगितलं, की मी रविवारची वाट बघत बसायला नको होतं. काका म्हणाले, “मी तर हिवाळ्यापासून बसलोय. वाटायचं, आज येईल, उद्या येईल. आणि नाही आलं तर मग मी कोण? नुसता काका. नुसते काका गल्लोगल्ली असतात.” मग किल्ली फिरवून म्हणाले, “नीट धरलंस ना?”

घरी पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सासूबाईंना एका दमात सगळं सांगून टाकलं. सासूबाई भाजी चिरत होत्या. चिरणं थांबलं नाही.

“आत्ता सांगताय होय?” त्या म्हणाल्या. “दोन महिने झाले, तुमच्या डोक्याला माझं ते उग्र वासाचं औषधी तेल लावतेय. पूर्वी मी ते लावलं की तुम्ही अंगणात जाऊन झोपायचात.”

काकांनी हात डोक्याकडे नेला, बोटं नाकाशी नेली, आणि काही उपयोग नाही हे आठवून खाली घेतली. मग विचारलं, की बोलली का नाहीस. तर सासूबाई म्हणाल्या, की तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते, लग्न झाल्यापासून तेच तर करतेय. म्हणजे तिघांच्या घरात तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही एकमेकांना सांभाळत गप्प होती. सायरनबाईला वाटलं, आपल्याच घरात एवढे प्रयोग चालले होते आणि निकाल कोणी जाहीर करत नव्हतं. त्या रात्रीच्या जेवणात काकांनी मीठ वरून घेतलं ते उघडपणे घेतलं, आणि सासूबाईंनी बरणी त्यांच्याकडे सरकवली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की वास थोडा परत येऊ शकतो, नाहीही येणार, रोज सराव करत राहा. तेव्हापासून सकाळी टेबलावर चार बरण्या असतात: लिंबाची साल, कॉफी, साबण आणि लवंग. काका डोळे मिटून प्रत्येकीवर तीन श्वास घेतात आणि सासूबाई समोर बसून निकाल ऐकतात. लिंबाच्या जागी साबण म्हणाले तर एकही गुण देत नाहीत.

कारखान्यात पहिले काही दिवस माणसं काकांच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. कँटीनमध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. कोणी हसत नव्हतं, पण काय बोलावं ते कोणाला सुचत नव्हतं. एका दुपारी सायरनबाई चार मीटर आणि एक छोटा सिलिंडर घेऊन त्यांच्या टेबलाशी जाऊन बसली. सिलिंडरमध्ये अगदी थोडा, मोजलेला अमोनिया होता. तिने सांगितलं, की मीटरचं नाकही म्हातारं होतं. आत एक रसायन असतं, ते हळूहळू संपतं. म्हणून रोज सकाळी कामावर द्यायच्या आधी प्रत्येक मीटरला हा वास द्यायचा आणि ते ओरडतं का बघायचं. हे काम मन लावून करणारा माणूस मला हवाय.

काकांनी एक मीटर उचलून उलटंसुलटं बघितलं. “आणि ते नाही ओरडलं तर?”

“तर त्याला कामावर पाठवायचं नाही.”

“लाजेने गप्प बसत असेल तरी?”

“तरी.”

काका हे काम मन लावून करतात म्हणणं कमीच होईल. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी त्यांच्या टेबलापाशी माणसं जमतात. काका मीटरला टोपी चढवतात, सिलिंडरची कळ फिरवतात, आणि स्वतःची हनुवटी वर करून थांबतात. मीटर किंचाळलं की म्हणतात, ‘शाबूत,’ आणि ते ज्याचं त्याच्या खिशाला अडकवतात. शाबूत म्हटल्याशिवाय पक्कड बोळात पाऊल टाकत नाही आणि फौजदारीण पट्टा सुरू करू देत नाही. जमायच्या जागेच्या पाट्या आता दोन आहेत, आणि आत जाता जाता प्रत्येक जण मान वर करून साहेबांच्या लेंग्याकडे एकदा बघून घेतो. वारा फाटकाकडे असला की फौजदारीण ओरडते, आज वजनकाटा, बायांनो.

परवा एक मीटर ओरडलं नाही. काकांनी पुन्हा वास दिला. तिसऱ्यांदा दिला. पडद्यावर स्वच्छ शून्य होतं आणि दिवा हिरवा. बाकीचे काही बोलायच्या आत त्यांनी ते अलगद उचललं, खिशातला रुमाल काढून त्यात गुंडाळलं आणि काचेच्या खोलीत येऊन तिच्या टेबलावर ठेवलं.

“मॅडम, याला डॉक्टरकडे पाठवा,” ते म्हणाले. “मी भरलेली बाटली नाकाशी धरलीय, आणि हा पठ्ठ्या म्हणतोय, रोजचाच.”